सांबऱ्याहून सुटणारं विमान कोणतं असेल, हे आधी कसं कळतं

प्रश्न निपाणीच्या एका ताईंचा आहे. आई-बाबा पुढच्या महिन्यात सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, बेंगळूरला आणि तिथून भुवनेश्वरला भावाकडे जाणार आहेत, एकाच तिकिटावर. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन चार महिने झालेत. बाबांनी अहमदाबादच्या अपघाताच्या बातम्या पाहिल्यापासून एकच धोशा लावलाय, की विमान पंख्याचं का मोठं, किती जुनं, नंबर काय, ते आधी सांगा, मग मी बसतो. हे खरंच आधी कळतं का?

ताई, मी एका विमान कंपनीच्या ऑपरेशन्स कंट्रोलमध्ये चोवीस वर्षं काढली. कुठल्या फेरीला कुठलं विमान लावायचं, हेच माझं काम होतं. आता टिळकवाडीत घरी असतो. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न आहेत. विमानाचा प्रकार कोणता, हे बहुतेक वेळा आजच कळतं. त्या प्रकारातलं नेमकं कुठलं विमान येणार, हे मात्र आदल्या संध्याकाळपर्यंत कंपनीचंसुद्धा पक्कं झालेलं नसतं.

आपल्या बसस्टँडवरचं उदाहरण घ्या. सकाळची बेंगळूरची गाडी राजहंस आहे की ऐरावत, हे वेळापत्रकात ठरलेलं असतं. तिकिटाचा दर त्यावरच असतो. पण डेपोतली कुठल्या नंबरची ऐरावत निघणार, हे कंट्रोलर आयत्या वेळी बघतो. विमानाचं तंतोतंत असंच आहे. फरक इतकाच, की विमानाच्या बाबतीत हा कंट्रोलर पाचशे मैलांवरच्या एका खोलीत बसलेला असतो आणि त्याच्यासमोर सगळ्या देशातली विमानं असतात.

आधी प्रकाराचं बघू, कारण आईंसाठी तेच महत्त्वाचं. वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी लागू होतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. तुमचं तिकीट आणि प्रवास यांच्यामध्ये यातली एखादी तारीख येत असेल, तर आज दिसणारा प्रकार पक्का धरू नका, ती तारीख उलटल्यावर पुन्हा बघा. येत नसेल, तर बुकिंगच्या पानावर फेरीचा तपशील उघडला की प्रकार बहुधा लिहिलेला सापडतो. तिथे नसेल तर गुगल फ्लाइट्समध्ये तीच फेरी उघडा, तिथे विमानाचं नाव येतं. कधी नावाऐवजी नुसतं सांकेतिक अक्षर असतं. एटी७ म्हणजे एटीआर ७२, हेच ते पंख्याचं विमान. ३२० म्हणजे एअरबस कंपनीची साधी ए३२०, बिनपंख्याचं मोठं जेट, ३२एन म्हणजे ए३२० निओ, ३२क्यू म्हणजे ए३२१ निओ. स्टार एअरच्या फेरीला ईआर४ दिसलं तर ते पन्नास सीटांचं एम्ब्रेअर १४५. ई७५ किंवा ई७डब्ल्यू असेल तर शहात्तर सीटांचं एम्ब्रेअर १७५.

काहीच लिहिलेलं नसलं तरी सीट निवडायचा नकाशा खोटं बोलत नाही. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन खुर्च्या आणि वीसच्या आसपास ओळी असतील, तर एटीआर. तीन-तीन खुर्च्या आणि तीस-एकतीस ओळी असतील, तर बहुधा ए३२०. ओळी पस्तिसाच्या पुढे गेल्या की ए३२१. एका बाजूला एकच खुर्ची आणि दुसऱ्या बाजूला दोन, असा नकाशा दिसला तर तो एम्ब्रेअर १४५ चा. दोन-दोन खुर्च्या आहेत पण पुढे बिझनेस क्लासच्या वेगळ्या ओळी आहेत, तर एम्ब्रेअर १७५. आणखी एक खूण सांगतो. इंडिगोच्या एटीआर फेऱ्यांचे क्रमांक साधारणपणे सातापासून सुरू होणारे चार आकडी असतात. आमच्यासारख्यांना नुसता फ्लाइट नंबर ऐकून विमान कळतं ते असं.

प्रवासाचा वेळही बोलतो, पण लांबच्या पल्ल्यावर. बेळगाव ते बेंगळूर सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, तिथे एटीआर आणि एअरबस यांच्यात फार तर पंधरा-वीस मिनिटांचा फरक पडेल. पण दिल्ली इथून चौदाशे किलोमीटरवर. तिथे अडीच तास लिहिले असतील तर ते जेटच. ताशी पाचशे किलोमीटरने जाणाऱ्या एटीआरला तेवढ्या अंतराला तीन तासही पुरत नाहीत. २०२३ च्या ऑक्टोबरात इंडिगोची बेळगाव–दिल्ली थेट सेवा सुरू झाली ती एअरबसनेच. आपली धावपट्टी २३०० मीटरची आहे, तिच्यावर ही विमानं व्यवस्थित उतरतात.

आता हा प्रकार शेवटच्या क्षणी बदलेल का? सांबरा–बेंगळूर फेरी एटीआरची असेल तर बदलण्याची शक्यता फार कमी. याचं कारण विमानात नाही, वैमानिकात आहे. वैमानिकाचं लायसन्स त्या त्या प्रकारासाठी असतं. एटीआर चालवणारा वैमानिक एअरबस चालवू शकत नाही आणि एअरबसवाला एटीआरला हात लावू शकत नाही. विमान तपासून सही करणाऱ्या इंजिनिअरचंही तसंच. म्हणून एखादं एटीआर बिघडलं तर कंपनी दुसरं एटीआर शोधते, नाही मिळालं तर फेरी उशिरा काढते, अगदीच नाइलाज झाला तर रद्द करते. त्या जागी एअरबस आणायची म्हणजे विमान, वैमानिक, केबिन क्रू सगळंच नव्याने उभं करावं लागतं.

बेंगळूर–भुवनेश्वरची गोष्ट वेगळी आहे. ए३२० आणि ए३२१ एकाच लायसन्सवर उडवता येतात, म्हणून त्यांची अदलाबदल सर्रास होते. बुकिंग जास्त झालं की मोठं लावतात, कमी झालं की लहान. फक्त केबिन क्रूचा हिशेब बघावा लागतो. पन्नास सीटांमागे एक, या नियमाने १८६ सीटांना चौघं लागतात आणि २३२ सीटांना पाच. पाचवी व्यक्ती मिळाली नाही म्हणून मोठं विमान लावता आलं नाही, असं आमच्याकडे कितीदा तरी झालंय. तेव्हा दुसऱ्या टप्प्याची सीट चाळिसाव्या ओळीच्या जवळपासची घेऊ नका. विमान लहान आलं तर ती ओळच नसते आणि मग यंत्र तुम्हाला जिथे टाकेल तिथे बसावं लागतं. आईंना तिथे पुढच्या ओळींत वाटेकडेची सीट घ्या.

आणि पहिल्या टप्प्यात? तिथे नेमकं उलटं करा. हे मी दुसऱ्याला त्रास देऊन शिकलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझी खानापूरची मावशी, वय एकोणऐंशी. तिचं तिकीट मी काढलं. आयुष्यभर एअरबसच हाताळलेल्या, म्हणून डोळे झाकून पहिल्या ओळीची सीट घेतली, दाराजवळ पडेल म्हणून. विमान एटीआर होतं. एटीआरमध्ये प्रवाशांचं दार मागे असतं, पुढे सामानाचा कप्पा. मावशीला एकेका खुर्चीची पाठ धरत सगळं विमान ओलांडावं लागलं, उतरताना परत तेच. ती काही बोलली नाही. घरी आल्यावर पाय सुजलेले मी पाहिले. सीटचा नकाशा माझ्यासमोर उघडा होता, दोन-दोन खुर्च्या स्पष्ट दिसत होत्या, आणि मी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून कुणीही विचारलं की पहिलं हेच सांगतो: एटीआर असेल तर म्हाताऱ्या माणसाला शेवटच्या ओळींत बसवा. स्वच्छतागृहही बहुधा मागेच असतं.

त्यातच शिडीचं बघा. सांबऱ्याच्या सध्याच्या टर्मिनलवरून थेट विमानात जाता येत नाही, खाली उतरून विमानापर्यंत जायचं आणि मग चढायचं. एटीआर जमिनीपासून बेताच्या उंचीवर असतं, पायऱ्या थोड्याच. एअरबसची शिडी चांगली उंच. म्हणजे बाबा ज्या पंख्याच्या विमानाला नको म्हणतात, तेच आईंच्या गुडघ्यांना सोपं आहे.

व्हीलचेअर मागणार असालच. पण नुसतं व्हीलचेअर म्हणू नका. कंपन्यांच्या यादीत तिचे तीन प्रकार असतात आणि बुकिंग करणारे पुष्कळदा पहिलाच टाकून मोकळे होतात. आर म्हणजे माणूस पायऱ्या चढू शकतो, फक्त लांब चालणं जमत नाही. एस म्हणजे पायऱ्या चढता येत नाहीत, पण विमानात शिरल्यावर सीटपर्यंत चालता येतं. सी म्हणजे सीटपर्यंतही उचलून किंवा खुर्चीवरून न्यावं लागतं. आईंसाठी डॉक्टरांना विचारा, आणि पायऱ्या नको म्हणाले तर एस मागा. किमान ४८ तास आधी कळवायचं असतं. तुम्ही आठ दिवस आधी फोन करा आणि आदल्या दिवशी पुन्हा विचारून घ्या, दोन्ही टप्प्यांसाठी वेगवेगळं. पहिल्या टप्प्यात नोंद आहे आणि दुसऱ्यात गळली, असं होतं. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं असेल, तर तिकिटावर 'ऑपरेटेड बाय' असं लिहिलेलं असतं. फोन त्या दुसऱ्या कंपनीला करायचा.

आता बाबांच्या नंबराकडे येतो.

प्रत्येक विमानाच्या अंगावर नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो, आमच्या भाषेत टेल. भारतातलं असेल तर सुरुवात व्हीटी या अक्षरांनी. ही अक्षरं ब्रिटिशकाळात मिळाली आणि तशीच राहिली. जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून मुंबईला टपाल आणलं त्या पस मॉथ विमानावरही व्हीटी-एडीएन असंच लिहिलेलं होतं. गाडीची नंबरप्लेट असते तसं हे, पण याच्या मागे त्या विमानाचा सगळा इतिहास असतो. कधी बनलं, किती तास उडालं, कुठला भाग कधी बदलला, सगळं त्या नंबराखाली लिहिलेलं.

हा नंबर फेरीला कधी जोडला जातो? कंपनीकडे काही दिवस आधीचा एक आराखडा असतो. कुठल्या विमानाची तपासणी कधी आहे, त्या रात्री ते कुठल्या शहरात पोचलं पाहिजे, यावरून त्याच्या फेऱ्यांची माळ ओवलेली असते. पण ती माळ रोज तुटते आणि रोज नव्याने ओवावी लागते. एका रात्रीची गोष्ट सांगतो. शेवटची फेरी उतरताना इंजिनात पक्षी गेल्याचा संशय आला. आत नळी घालून पात्यांची तपासणी होईपर्यंत ते विमान हलवता येत नव्हतं. त्याच्या सकाळच्या फेऱ्या दुसऱ्या विमानाला द्याव्यात, तर त्या दुसऱ्याचं शेपटाकडचं लहान इंजिन बंद होतं. मोठी इंजिनं सुरू करायला हवा लागते, ती त्या लहान इंजिनातून मिळते. ते बंद असताना विमान उडवायला नियमाने परवानगी आहे, पण जिथे जमिनीवरून हवा देणारं यंत्र आहे अशाच विमानतळावर ते पाठवता येतं. लहान गावी पाठवलं तर तिथेच अडकून पडेल. म्हणून लहान गावची फेरी तिसऱ्या विमानाला दिली, तिसऱ्याची चौथ्याला. पहाटेपर्यंत अकरा फेऱ्यांचे नंबर बदलले. प्रवाशांपैकी कुणालाही काही कळलं नाही, सगळी विमानं वेळेवर गेली. नंबर आधी सांगता येत नाही तो यासाठी. तो बदलण्याची मोकळीक आहे म्हणूनच तुमची फेरी वेळेवर निघते.

तरीही बाबांना समाधान हवं असेल तर असं करा. फ्लाइटरडार२४ या विमानं दाखवणाऱ्या संकेतस्थळावर तुमचा फ्लाइट नंबर टाका. गेल्या सात दिवसांचा इतिहास फुकट दिसतो. रोज कुठल्या नंबराचं, कुठल्या प्रकारचं विमान आलं, सगळं ओळीने. सातही दिवस एटीआर असेल तर तुमच्या दिवशीही तेच धरून चाला. दुसऱ्या टप्प्याला पाच दिवस ए३२० आणि दोन दिवस ए३२१ दिसलं, तर सीट घेताना तो विचार करा. शक्य झालं तर तुमच्याच वाराचं बघा, शनिवार-रविवारचा हिशेब वेगळा असतो.

आदल्या रात्री किंवा त्या दिवशी सकाळी तुमच्या फेरीपुढे नंबर आलेला दिसेल. तोवर आला नाही तर उलट्या दिशेने जा. सांबऱ्यावर विमान आकाशातून अचानक येत नाही, ते कुठूनतरी प्रवासी घेऊन येतं आणि तासाभराच्या आत परत निघतं. एटीआरला खाली उभं राहायला पंचवीस मिनिटंही पुरतात. तुमची फेरी चार पस्तीसची असेल, तर चारच्या सुमाराला बेंगळूरहून कोण येतंय ते शोधा. येणाऱ्या आणि जाणाऱ्या फेरीचे क्रमांक पुष्कळदा लागोपाठचे असतात. ती येणारी फेरी उघडली की विमानाचा नंबर मिळाला. मग त्या नंबरावर टिचकी मारा, ते विमान सकाळपासून कुठे कुठे फिरलं ते दिसेल. मला विचाराल तर सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच आहे. दुपारी दोनला ते विमान अजून दुसऱ्याच गावी तासभर उशिरा उभं असेल, तर कंपनीचा मेसेज येण्याआधी तुम्हाला कळतं, की निपाणीहून गाडी घाईने काढायची गरज नाही. पण चेक-इनची वेळ मात्र मूळचीच पाळा. उशीर झालेलं विमान ऐनवेळी बाजूला ठेवून दुसरं पाठवलं जातं आणि फेरी पुन्हा वेळेवर येते.

एक गोष्ट घरच्यांना आधीच सांगून ठेवा. विमान दर सेकंदाला आपली जागा, उंची आणि वेग रेडिओवरून, १०९० मेगाहर्ट्झवर, सांगत असतं. ते ऐकणारे छोटे अँटेना हौशी लोकांनी घराच्या छपरावर लावलेले असतात. अँटेनाला विमान सरळ रेषेत दिसावं लागतं. वर असताना तीनशे-साडेतीनशे किलोमीटरवरून ऐकू येतं, पण उतरायला खाली आलं की जवळपास अँटेना नसेल तर ते नकाशावरून नाहीसं होतं. मावशीने तो विमानप्रवास केला त्या दिवशी तिच्या सुनेने मला रडत फोन केला होता, विमान गायब झालंय म्हणून. ते उतरायला खाली आलं होतं, इतकंच. नकाशावर विमान दिसेनासं झालं तर दहा मिनिटं थांबा आणि विमानतळाच्या आगमनाच्या यादीत बघा.

आता बाबांच्या मनातल्या भीतीबद्दल. १२ जून २०२५ ला अहमदाबादला जे झालं, त्यानंतर मला असे प्रश्न विचारणारे खूप वाढले, आणि ती भीती खोटी आहे असं मी कधीच म्हणणार नाही. ते विमान बोइंग ७८७-८ होतं, लंडनला निघालेलं लांब पल्ल्याचं विमान. तुमच्या प्रवासात ते कुठेच येत नाही. विमानाचं वय बघायचं असेल तर नोंदणी क्रमांकावरून ते प्लेनस्पॉटर्ससारख्या संकेतस्थळावर सापडतं. पण वयावरून विमानाची तब्येत कळत नाही. मोटार जुनी झाली की ती जुनीच असते, विमानाचं तसं नाही. उड्डाणाचे तास, चढ-उतारांची संख्या आणि कॅलेंडर, या तिन्ही हिशेबांनी त्याचे भाग तपासले आणि बदलले जातात. मुदत भरलेला भाग नुसता चांगला दिसतो म्हणून ठेवता येत नाही. पंधरा वर्षांचं विमान मोठ्या तपासणीतून गेल्याच महिन्यात बाहेर आलेलं असू शकतं.

आणि पंखा दिसतो म्हणून ते जुनं नाही. एटीआर ७२-६०० हे २०११ पासून सेवेत आलेलं मॉडेल आहे. पंख्याच्या मागे जेटसारखंच टर्बाइन असतं, त्याची ताकद पंखा फिरवायला वापरलेली, एवढाच फरक. कमी अंतराला इंधन कमी लागतं, म्हणून आपल्यासारख्या गावांना तेच परवडतं. बाबांना एक मात्र सांगा. सांबऱ्यावर विमानाजवळ गेल्यावर उजव्या बाजूचं इंजिन घरघरत असेल आणि पंखा मात्र थांबलेला असेल, तर घाबरू नका. एटीआरला मघाशी सांगितलं ते शेपटाकडचं लहान इंजिन नसतं. म्हणून उजव्या पंख्याला ब्रेक लावून तेच इंजिन चालू ठेवतात, आत दिवे आणि थंड हवा मिळावी म्हणून. हॉटेल मोड म्हणतात त्याला. पहिल्यांदा बघणाऱ्याला काहीतरी बिघडलंय असंच वाटतं.

शेवटच्या ओळींतल्या सीटा लवकर जातात, तेव्हा पहिल्या टप्प्याचं आजच करून टाका. दुसऱ्या टप्प्याची सीट पैसे देऊन घेतलीत तर पावती जपून ठेवा, विमान बदलून सीट गेली तर परताव्यासाठी ती लागेल. फ्लाइट नंबर आणि तारीख इथे लिहा. आदल्या रात्री मी बघेन, आणि बाबांना हवा असलेला व्हीटीचा नंबर दिसला की कळवेन.